सहाव्या पिढीची काठी

थोरल्या पातीने धाकट्या पातीला फसवलं आहे. थोरली पाती म्हणजे आमच्या मूळ पुरुषाच्या पहिल्या बायकोच्या मुलाचं घराणं. धाकटी म्हणजे दुसऱ्या बायकोच्या मुलाचं, म्हणजे आम्ही. मला राग लवकर येतो हे सोलापूरच्या निम्म्या बाजाराला ठाऊक आहे, पण हे वाक्य मी रागात लिहिलेलं नाही. चांगलं दोन महिने डोक्यात घोळवून, उलटसुलट तपासून लिहिलं आहे.

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला खेटून. दर वर्षी जत्रेला देवळापुढे काठी उभी राहते. काठी म्हणजे सागाचा उंच वासा, शेंड्याला पितळी कळस, अंगाला नवं कापड. ती वेशीपासून देवळापर्यंत नेण्याचा मान आमच्या भाऊकीचा. मूळ पुरुषाने मरताना नियम घालून दिला, असं सांगतात. थोरल्या घरात नवा कर्ता बसला की नवी पिढी लागली असं धरायचं आणि नवी काठी करायची. ती पिढी चालेल तोवर मान एकाच पातीकडे. पहिल्या पिढीची काठी थोरल्यांची, दुसऱ्या पिढीची धाकट्यांची, तिसरीची पुन्हा थोरल्यांची, चौथीची आमची.

ऐकायला किती सरळ सौदा! आजवर पाच काठ्या झाल्या आणि पाचही थोरल्यांनी नेल्या.

कारण असं की दुसरी काठी झाली तेव्हा आमच्या पातीत दुसऱ्या पिढीचा पुरुष जन्मलेलाच नव्हता. ‘तुमच्यात दुसरी पिढी कुठाय? मग धरणार कोण?’ असं म्हणून त्यांनी ती नेली. चौथी झाली तेव्हा माझे वडील ऐन तिशीत होते, पण ते दुसऱ्या पिढीचे. मी तिसरा, तेव्हा पाळण्यात. ‘तुमच्यात चौथा कुठाय?’ चौथीही गेली. पाचवी तर त्यांचीच होती. गेल्या साली थोरल्यांचा पाचवा कर्ता वारला, सहावा बसला, आणि सहाव्या पिढीची काठी आली. नियमाने आमची. पण आमच्यात सहावा कुठाय?

माझे वडील, आप्पा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. माझ्याकडे सोलापुरात राहतात. त्यांच्या तीन इच्छा होत्या, दोन मी पुऱ्या केल्या. तिसरी, मरायच्या आधी एकदा आपल्या पातीची म्हणून त्या काठीला हात लावायचा. ती विकत मिळत नाही, म्हणून राहिली.

थोरल्या पातीचा हा जो सहावा कर्ता, तो आणि मी एका गल्लीत वाढलो. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. नात्याने मी त्याचा पणजोबा. संक्रांतीला त्याची आई त्याला मानगूट धरून आमच्या दारात आणायची. “पड पाया पणजोबांच्या,” म्हणायची. मी सात वर्षांचा, नाकाला शेंबूड. तो वाकायचा, तिळगूळ घ्यायचा आणि जाता जाता माझ्या पिंढरीला असा चिमटा काढायचा की डोळ्यांत पाणी यायचं. मग वडाखाली सगळ्या पोरांसमोर विचारायचा, “पणजोबा, दात पडले व्हय? दुधाचे का म्हातारपणाचे?”

मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलेला. एकाच माणसापासून निघालेली दोन घरं, मधे गेलेली वर्षं तीच, मग तो सहावा आणि मी तिसरा कसा? आजीला विचारलं तर ती म्हणाली, “देवाची करणी.” मास्तरांना विचारलं तर त्यांनी पाढे म्हणायला लावले. पुढे मी सोलापुरात आलो, बसस्टँडवर खांद्यावर टाकून टॉवेल विकले, सायकलवर चादरी विकल्या, मग स्वतःचं दुकान केलं, आणि तो प्रश्न कुठेतरी तळाशी पडून राहिला.

दोन महिन्यांपूर्वी एक बाई तोच प्रश्न घेऊन दुकानाची पायरी चढली.

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतली, तिशीतली, पाठीवर सॅक. आमच्या गावात लोकांच्या थुंकीचे नमुने गोळा करत होती. थोरल्या पातीच्या कर्त्याने तिला चेष्टेने सांगितलं होतं, “आमचं पणजोबा सोलापुरात हायत, माझ्याहून ल्हान. त्यास्नी इचारा.” तिला ती चेष्टा वाटली नाही. ती सरळ एसटीत बसून आली.

“काका, मला तुमच्या घरातल्या प्रत्येक मुलाच्या जन्माच्या वेळी आईचं वय काय होतं आणि वडलांचं काय होतं, ते हवंय.”

“कशाला?”

“पिढी किती वर्षांची असते ते मोजायला.”

“वीस-पंचवीस. लिहा, चहा घ्या आणि निघा. गिऱ्हाइकाची वेळ आहे.”

“वीस की पंचवीस?”

“पाचानं काय बिघडतंय?”

तिने शेजारच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल उलगडला. “हा तीस इंच म्हणून विकता ना? पंचवीसचा निघाला तर गिऱ्हाइकाला सांगता का, पाचानं काय बिघडतंय?”

मला बाई आवडली. मी दोन चहा सांगितले.

तिचं काम मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं. माणसाच्या थुंकीत त्याच्या पूर्वजांच्या खुणा असतात. दोन समाजांच्या खुणा ताडून पाहिल्या की ते किती पिढ्यांपूर्वी एकमेकांपासून फुटले याचा अंदाज येतो. पण उत्तर पिढ्यांत येतं, वर्षांत येत नाही.

“म्हणजे गाठोड्यात कापडाची थानं किती ते कळलं,” मी म्हणालो, “पण एक थान किती मीटरचं ते माहीत नाही.”

“अगदी तसंच. आणि थान वीसचं धरलं की तिसाचं, यावर सगळा इतिहास इकडचा तिकडे होतो. लोक कर्नाटकातून कधी आले, दुष्काळात आले की त्याच्या आधी, सगळं.”

“मग इतकी वर्षं काय करत होते तुमचे लोक?”

“अंदाज,” ती म्हणाली आणि हसली.

मी फुकट काही देत नाही. तिला सांगितलं, आमच्या पातीची सगळी माहिती देतो, आप्पांशी बसून बोलू देतो, पण थोरल्या पातीचं एक थान किती लांब आणि आमचं किती, ते मला वेगवेगळं काढून द्यायचं. ती कबूल झाली, पण उलट अट घातली. माहिती पहिल्या पोराची नको, सगळ्या पोरांची. “लोक पहिल्या मुलाच्या वेळचं वय सांगतात. माणूस काय पहिल्या मुलानंतर थांबतो? शेवटचं मूलही मूलच. त्याच्यापासूनही घर पुढे जातं.”

मी स्वतः शेंडेफळाचं पोर. हे वाक्य मला पन्नास वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

माहिती काढणं सोपं नव्हतं. आमच्या घरात सगळे एक जूनला जन्मलेले. गावच्या शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे बघायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते पाहायचे आणि एक जून टाकायचे. साल त्यांच्या मर्जीने. बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या आप्पांशेजारी चटईवर बसल्या आणि साल न विचारता विचारू लागल्या.

“आजोबा, रझाकारांच्या वेळी तुम्ही केवढे होता?”

“गुरं राखत होतो की. म्हस दोन कोस नेऊन आणायचो.”

“दाढी-मिशी?”

“न्हाय न्हाय. दात पडून नवे आले हुते. आमी हिकडं लपायचो जुंधळ्यात, तिकडनं ते घोड्यावरनं जायचे.”

अशी एकेक खूण लावत त्या वय ठरवायच्या. वडील जन्मले तेव्हा माझे आजोबा पन्नाशीचे होते आणि आजी पंचेचाळीसची. मी झालो तेव्हा आप्पा तिशीचे, आई एकवीसची. मूळ पुरुषाला पहिला मुलगा झाला एकोणिसाव्या वर्षी आणि दुसऱ्या बायकोपासून माझे आजोबा झाले सेहेचाळिसाव्या. मी चाट पडलो. आमच्या घरात आजोबांच्या आणि आप्पांच्या, दोन्ही वेळी म्हाताऱ्याचं शेंडेफळ पुढे चालत आलं होतं आणि त्यांच्या घरात प्रत्येक वेळी मिसरूड फुटलेल्याचं पहिलं पोर.

त्या दिवसांत मला नादच लागला. दुकानात येईल त्याला विचारायचो, तुझा धाकटा भाऊ झाला तेव्हा तुझा बाप किती वर्षांचा होता? गिऱ्हाईक बिचकायचं. बायको म्हणाली, “टॉवेल विका की. लोकांच्या आयांची चौकशी कशाला?” पण उत्तरं अशी यायची की राहवत नव्हतं. आमच्या मालाची ने-आण करणारा ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, “मेरा छोटा भाई मेरे बेटे से छोटा है, शेठ. दोघं एकाच वर्गात हुते. मास्तर इचारायचे, भाऊ हो क्या? पोरगा सांगायचा, नही, ये मेरा चाचा है.” बापाचं वय विचारलं की लोक फुगवून सांगतात, आईचं विचारलं की गप्प होतात, हेही तेव्हा कळलं.

सगळ्यात भारी निघाला आमचा टॉवेल विणून देणारा कारखानदार. त्याचं घर तेलुगू. त्याने आपल्या सख्ख्या बहिणीची मुलगी केलेली. त्यांच्यात मामाला भाची देतात, यात काही विशेष नाही.

“मग तुझा पोरगा कितव्या पिढीचा?” मी विचारलं.

“माझ्याकडनं मोजलं तर माझ्या बापाचा नातू.”

“आणि आईकडनं?”

त्याने बोटांवर मोजलं. “आईकडनं... पणतू.”

“एकच पोरगा?”

“एकच हाय की. सकाळी नातू, संध्याकाळी पणतू.”

मी लगेच बाईंना फोन केला. त्या इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसल्या. त्यांनी मला समजावलं, की म्हणूनच पिढी म्हणजे जिन्याची पायरी नव्हे, जिच्यावर सगळे एका वेळी उभे असतात. एकाच घरात, एकाच पंगतीत, तीन वेगळ्या पिढ्या एकाच वयाच्या असू शकतात. बापाकडून मोजली तर पिढी लांब भरते, आईकडून मोजली तर आखूड, कारण बायको बहुधा वयाने लहान. दोन्ही धरून सरासरी काढायची असते.

थोरल्या पातीची माहिती हेळवी आला तेव्हा मिळाली. हेळवी म्हणजे आमच्या भागात घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणणारा माणूस. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो, पण दारात उभं राहून हाळी देतो तीच, “होऽ यजमान्रे!” अर्धी कानडी, अर्धी मराठी. सुपात धान्य घेतो आणि मूळ पुरुषापासून आजच्या कर्त्यापर्यंत एका दमात म्हणून दाखवतो. थोरल्या पातीचे सहा त्याने धडाधड म्हटले. आमचे तीन म्हटले आणि थांबला. दरवर्षी असाच थांबतो. त्या थांबण्याची मला चीड आहे.

बाईंनी हिशोब करून दिला. मूळ पुरुषापासून थोरल्या पातीच्या कर्त्यापर्यंत पिढी साडेवीस वर्षांची. माझ्यापर्यंत बेचाळीसची.

मी ओरडलोच. दुप्पट! आमचं एक थान म्हणजे त्यांची दोन. आणि गावाने पिढीचं माप धरलं ते फक्त त्यांच्या घरचं. त्यांच्यात कर्ता बदलला की पिढी बदलली. आमचा माणूस त्यांच्या मापाने कधीच वेळेवर जन्मणार नव्हता. आप्पांच्या हक्काची दुसरी काठी आप्पांच्या जन्माआधीच उरकली.

“लिहून द्या,” मी म्हणालो. “संस्थेच्या कागदावर. खरी पिढी बेचाळीस वर्षांची.”

“नाही देणार.”

“का?”

“कारण ती खरी नाही. साडेवीसही खरी नाही. ते पहिल्यांचे पहिले, तुम्ही शेवटच्यांचे शेवटचे. दोन्ही टोकं आहेत. तुम्ही त्यांचं माप नाकारून तुमचं पुढे करताय, काका. त्यांनी तेच केलं.”

मी पेटलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतकं आठवतं की चहाचा कप काउंटरवरून पडला आणि मी त्यांना म्हणालो, तुम्ही त्यांच्याकडून जेवून आलाय. त्या शांतपणे सॅक भरत होत्या. दारात जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, “सौदा सगळ्या मुलांचा ठरला होता. तुम्ही मला फक्त मुलगे दिलेत. तुमच्या घरात मुली जन्मल्याच नाहीत का?”

मी त्या रागात घरी गेलो आणि आप्पांना विचारलं. त्यांना भावंडं होती हे मला माहीत होतं. मधली सगळी तापाने, प्लेगने गेली. राहिले दोघं, सगळ्यात शेवटचे आप्पा आणि सगळ्यात थोरली बहीण, जिला ते आक्का म्हणत. ती मी लहान असतानाच वारली.

“आक्का तुमच्याहून किती मोठी?”

“लई मोठी. आईच की दुसरी.” मग आप्पा सांगू लागले, “मी जलमलो तवा आक्काची लेक चौदा वर्साची हुती. मला कडेवर घिऊन फिरायची. मी तिचा मामा. मामाला कडेवर घिऊन भाची हिंडती म्हनून बाया हसायच्या.”

मी मोजू लागलो. आक्का दुसरी पिढी. तिची लेक तिसरी. त्या लेकीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, तिला लेक झाली, ती चौथी. तिला पाचवी. आणि पाचवीला?

“तिची पोरगी यष्टीत हाय,” आप्पा म्हणाले. “कंडक्टर. हितंच, सोलापुरात. दिवाळीला ईती की, करंज्या घिऊन. तूच दार उघडतोस.”

एक्केचाळीस वर्षांची ती कंडक्टर दरवर्षी माझ्या दारात उभी राहते, नात्याने मी पणजोबा असून मला आजोबा म्हणते, आणि ती आमच्या पातीची सहावी पिढी आहे हे मला, हेळव्याला, गावाला, कुणालाच दिसलं नव्हतं. मी बाईंना फोन केला. सौदा पूर्ण करायला केला, आणखी कशाला नाही. त्यांनी सगळ्या लेकी, सगळ्या लेकींची पोरं धरून दोन्ही पातींची मिळून सरासरी काढली. ती तिसाच्या थोडी आत आली. “आता हा आकडा मला वापरता येईल,” म्हणाल्या. आवाजात आनंद होता. कपाचा विषय त्यांनी काढला नाही.

मी डेपोत गेलो. ती तिकिटाचं मशीन चार्जिंगला लावून डबा खात होती. सगळं ऐकून घेतलं आणि तोंड पुसून म्हणाली, “म्हणजे आजोबा, माझ्यामुळं काठी तुमच्याकडं येणार.”

“आपल्याकडं.”

“आणि धरणार कोण?”

“आप्पा. पातीत वडील ते.”

“पिढी माझी आणि हात त्यांचा?” तिने डब्याचं झाकण लावलं. “न्हाय जमायचं. मी सहावी असेन तर माझा पण हात लागला पायजे.”

“बाईमाणसानं काठी कधी धरली नाही.”

“धाकट्या पातीनं तरी कधी धरलीय?”

मी आयुष्यभर घासाघीस करत आलो आहे. समोरच्याकडे माल खरा आहे हे कळलं की मी ताणत नाही. ठरलं की आप्पांचा हात वर, तिचा खाली, वजन उचलायला भाऊकीतली चार पोरं. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “तिचा हात वर असू द्या. माझा थरथरतोय.”

मागच्या पंधरवड्यात देवळापुढे भाऊकी बसली. थोरल्या पातीचा कर्ता पारावर, मांडी घालून. सागाचा नवा वासा त्याच्या अंगणात आधीच सोलून पडलेला होता, हे मी येताना पाहिलं. आप्पांना गाडीतून खुर्चीसकट उतरवलं.

“या पणजोबा,” तो मला म्हणाला. “खापरपणजोबास्नी कशाला ताप दिला? सावलीला बसवा.”

मी सगळं मांडलं. माप कसं एकाच घरचं धरलं गेलं, पिढी लेकीकडूनही कशी चालते. तो ऐकत होता, पायाचा अंगठा चोळत.

“झालं? थुकी तपासून काठी उचलाय निघाला व्हय तुमी?” लोक हसले. “आवो, लेक दिली की ती दुसऱ्या घरची. तिकडची पिढी हिकडं कशी मोजायची?”

“तुझ्या आईकडनं तू काय घेतलं नाहीस का? नाक तर सगळं तिचंच आहे!”

“नाकावर जाऊ नका, पणजोबा.”

आमची सहावी पुढे आली. खाकी अंगावर, ड्यूटीवरूनच आलेली. “मामा, तुमी म्हंता मी दुसऱ्या घरची. तितं सासरी इचारलं तर म्हंत्यात, तू माहेरची. मला येकदा सांगा, मी हाय कुटली? दोन्हीकडनं उतरवताय, मधी गाडी थांबत न्हाय.”

तेव्हा कुणी हसलं नाही. कर्त्याने हेळव्याकडे पाहिलं. हेळवी पाराच्या कडेला बसला होता. “आमी बाईचं नाव घेत न्हाय, यजमान्रे,” तो म्हणाला. “आमच्या बापानं घेतलं न्हाय, त्याच्या बापानं न्हाय. मला म्हायतीच न्हाय तर म्हनू कसं?” बिचारा खरं बोलत होता. आणि त्याच खरेपणावर पाच पिढ्या काठी फिरत होती.

मग आप्पा बोलले. आवाज बारीक, सगळ्यांना पुढे सरकावं लागलं. “चवथ्या काठीच्या साली मी हितंच उभा हुतो. तुज्या आज्यानं इचारलं, चवथा कुटाय? आक्काची नात माज्या बाजूला उभी हुती. जत्रंला आली हुती, पोरगी हाताला धरून. मला सुचलंच न्हाय तिच्याकडं बोट दावायचं.”

थोरल्या पातीचा कर्ता उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “इचार करू. फुडच्या पिढीला बघू.” आणि घरी गेला.

पुढची पिढी! सातवी नियमाने त्यांचीच आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे. आठवीपर्यंत आप्पा कुठले, मी कुठला आणि तो तरी कुठला. परवा मी बाईंना विचारलं, तुमची ती तिसाच्या आतली सरासरी लावली तर आठवी कधी येईल? त्यांनी हिशोब करून सांगितलं, साठेक वर्षांनी. मला आकडा नको होता.

जत्रेला अजून दिवस आहेत. काठीला कळस बसलेला नाही. म्हणून हे मी सगळ्या भाऊकीला वाचता येईल असं लिहितो आहे आणि त्याला, एकट्याला विचारतो आहे. दुसरी काठी निघाली तेव्हा आमची आक्का पाच वर्षांची होऊन याच गावात खेळत होती. चौथी निघाली तेव्हा आमची चौथी पिढी पाचवीला हाताशी धरून तुझ्या आजोबांच्या समोर उभी होती. आणि सहावी परवा तुझ्याशी तोंडावर बोलून गेली. यांतली कोणती पिढी नव्हती, ते सांग. ‘बघू’ हे उत्तर नाही. देवळापुढे ये, माझ्या बापाच्या खुर्चीसमोर उभा राहा, आणि त्याला अजून ऐकू येतंय तोवर त्याला सांग.